कर्ण्याची ताकद आणि कानाचे माप

कर्णा हा शब्द आपल्याकडे विजेपेक्षा जुना आहे. देवापुढे, पालखीपुढे, लग्नाच्या वरातीत शिंग-तुतारीच्या जोडीला जे लांब पितळी वाद्य फुंकीत, ते कर्णा. पुढे ग्रामोफोन आला. त्याचे धोत्र्याच्या फुलासारखे तोंड पाहून लोकांनी त्यालाही कर्णा म्हटले. मग खांबावर, झाडावर, देवळाच्या शिखरापाशी, मशिदीच्या मिनारावर बांधलेले लाऊडस्पीकर आले. त्यांनाही तेच नाव मिळाले. शब्द एकच राहिला, पण वस्तूचा स्वभाव पार बदलला. जुना कर्णा फुंकणाऱ्याच्या छातीत जेवढा दम, तेवढाच वाजे. नव्या कर्ण्याच्या मागे कुणाची छाती नाही. तेव्हा त्याचा दम कशात मोजायचा?

आपण तो वॅटमध्ये मोजतो. मंडळाचा कार्यकर्ता साऊंडवाल्याकडे गेला की पहिला प्रश्न असतो, "किती वॅटचा आहे?" पाचशेपेक्षा हजार बरा, हजारापेक्षा दहा हजार बरा, असा सरळ हिशेब होतो. कायदा मात्र वॅटचे नावही घेत नाही. तो डेसिबेलची भाषा बोलतो. पोलिसांच्या हातातले यंत्र डेसिबेल दाखवते आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आकडे येतात तेही डेसिबेलचेच. एकाच कर्ण्याला ही दोन मापे का, ती आली कोठून, आणि त्यांचा मेळ कसा घालायचा, हे आज आपण पाहू. विषय यंत्राचा वाटला तरी त्याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा संबंध तुमच्या-आमच्या कानांशी आहे.

श्रोतेहो, विजेविना मोठा आवाज काढण्याची कला आपल्या पूर्वजांना चांगली अवगत होती. आमच्या वाईपासून जवळच, कृष्णेच्या काठी मेणवली आहे. नाना फडणिसांच्या वाड्याखाली घाट आहे आणि घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू यांची आकृती आहे, आणि १७०७ हे साल आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या मोहिमेनंतर आलेली ही घंटा. ख्रिस्ती देवळात वाजत होती, ती कृष्णाकाठी वाजू लागली. माणसाच्या हाताचा एक झोका, एवढीच तिची शक्ती. पण धातू असा निवडलेला आणि आकार असा घडवलेला, की त्या झोक्याचा नाद व्हावा.

घाटांचेही तसेच. वाईत गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड असे आळीआळीचे घाट आहेत, आणि कृष्णामाईचा उत्सव प्रत्येक घाटावर आपापल्या दिवशी होतो. कीर्तनकार खाली उभा, श्रोते वर चढत गेलेल्या दगडी पायऱ्यांवर. प्रत्येकाच्या आणि वक्त्याच्या मध्ये कुणाचे डोके आड येत नाही. पायरी ही नुसती उतरण्याची सोय नव्हे, ऐकण्याचीही सोय आहे. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हाही सूत्रधाराच्या गळ्याखेरीज दुसरे साधन नव्हते. मराठी रंगभूमीची निदान पहिली आठ दशके गायक-नटांच्या खड्या आवाजावर उभी राहिली.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपला सार्वजनिक गणेशोत्सव लाऊडस्पीकरपेक्षा वयाने मोठा आहे. लोकमान्य टिळकांनी त्याला १८९३ पासून चळवळीचे रूप दिले. त्यावेळी मेळे होते, पोवाडे होते, व्याख्याने होती, ढोल-लेझीम होते. पण आवाज वाढविणारे यंत्र जगात कोठेच नव्हते. आज कुणी म्हणतो की, कर्ण्यावाचून उत्सव कसला? इतिहास सांगतो की, उत्सव आधी आला, कर्णा मागाहून आला.

आता वॅटकडे वळू. जेम्स वॅट हा स्कॉटलंडचा यंत्रज्ञ, जन्म १७३६, मृत्यू १८१९. त्याने वाफेचे एंजिन सुधारले. गिऱ्हाइकाला एंजिनाची ताकद पटावी म्हणून त्याने घोड्यांशी तुलना केली. अश्वशक्ती हे माप त्यातून रूढ झाले. पुढे विजेची यंत्रे आली तेव्हा शक्तीचे नवे एकक लागले, आणि १८८२ साली विल्यम सीमेन्स यांनी त्याला वॅटचे नाव सुचविले. ७४६ वॅट म्हणजे एक अश्वशक्ती. म्हणजे आपल्या शेतातला पाच अश्वशक्तीचा पंप सुमारे ३,७३० वॅटचा. तेव्हा वॅट हे कामाच्या वेगाचे माप आहे. दिवा, पंप, चक्की, कर्णा या सर्वांना ते लागू पडते. त्यात आवाजाचे असे खास काही नाही.

कर्ण्याला वॅट कसे चिकटले, ते पाहा. १९०६ साली ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकाने तीन ध्रुवांचा व्हॉल्व तयार केला. क्षीण विद्युत्प्रवाह हुबेहूब त्याच चढउतारांनी मोठा करण्याची किल्ली त्यातून हाती आली. पुढे अँप्लिफायर म्हणतात तो हाच. १९१५ साली जेन्सन आणि प्रिडहॅम या जोडीने नाताळाच्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या लोकांना कर्ण्यातून भाषण-संगीत ऐकविले. १९१९ साली अध्यक्ष विल्सन यांनी सॅन दिएगोच्या मैदानात अशाच यंत्राच्या साहाय्याने प्रचंड जनसमुदायापुढे भाषण केले. १९२५ साली राइस आणि केलॉग यांनी कागदी शंकू आणि हलणारे तारेचे वेटोळे यांचा लाऊडस्पीकर सिद्ध केला. आजचा स्पीकर उघडून पाहिलात तर आत मुळात तीच रचना सापडेल.

हिंदुस्थानात मुंबईचे नभोवाणी केंद्र जुलै १९२७ मध्ये सुरू झाले. सभांच्या मैदानात कर्णा आणण्याचे मोठे श्रेय मुंबईच्या शिकागो रेडिओ या पेढीच्या नानिक मोटवाने यांना जाते. १९३१ च्या कराची काँग्रेसपासून त्यांचे कर्णे राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांत लागू लागले. गांधीजींच्या जुन्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर त्या पेढीचे नाव आजही वाचता येते. गांधीजींचा आवाज काही गर्जणारा नव्हता. तो मृदू आवाज लाखोंच्या कानी गेला, हे या यंत्राचे उपकार होत. पुढे पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली आणि सांगलीचे १९६३ साली सुरू झाले. त्या काळी पुष्कळ गावी एकच संच असे. तो ग्रामपंचायतीत, आणि त्याचा कर्णा चावडीवर. बाजारभाव, हवामान, कीर्तन सारे गाव ऐके. कर्ण्याने आपल्याला जे दिले त्याची नोंद आधी केली पाहिजे, म्हणजे पुढे जे बोलायचे ते एकांगी होणार नाही.

आता दुसरे माप, डेसिबेल. हे सभेच्या मैदानात जन्मले नाही. ते जन्मले टेलिफोनच्या तारेत. तारेतून बोलणे जसजसे दूर जाई तसतसे क्षीण होई. पण ते क्षीण होण्याची रीत विशेष होती. पहिल्या मैलात जेवढा हिस्सा गळे, तेवढाच हिस्सा उरलेल्यातून दुसऱ्या मैलात गळे. वजाबाकी नव्हे, दर मैलाला भागाकार. असे भागाकार वीस-तीस मैल करीत बसायचे म्हणजे कटकट. पण लॉगरिथमचा उपयोग केला की भागाकाराची वजाबाकी होते आणि गुणाकाराची बेरीज. जॉन नेपियरने १६१४ साली ही युक्ती ज्योतिष्यांच्या सोयीसाठी काढली. तीन शतकांनी ती टेलिफोनवाल्यांच्या कामी आली.

बेल कंपनीचे इंजिनियर आधी 'प्रमाण तारेचा एक मैल' असे माप वापरीत. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी दहाच्या लॉगरिथमवर बसविलेले नवे एकक घेतले आणि १९२८ साली त्याला डेसिबेल म्हटले. बेल हे मूळ एकक व्यवहाराला फार मोठे. म्हणून त्याचा दशांश तो डेसिबेल. योगायोग असा की, तारेच्या जुन्या एका मैलाने जेवढा फरक पडे, साधारण तेवढाच फरक माणसाच्या कानाला जेमतेम ओळखू येतो.

हे नाव अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचे. त्यांनी १८७६ साली टेलिफोनचे पेटंट घेतले हे शाळेतली मुलेही सांगतील. पण त्यांची आई बहिरी होती, पत्नी बहिरी होती, आणि स्वतःला ते प्रथम बहिऱ्यांचे शिक्षक समजत. आवाजाच्या मापाला अशा माणसाचे नाव मिळाले, हे माझ्या मते मोठे अर्थपूर्ण आहे.

डेसिबेल कानाला का मानवतो? तर कानही गुणाकारानेच ऐकतो. जर्मन पंडित गुस्ताव फेख्नर यांनी १८६० साली हा विचार मांडला, की उत्तेजना पटीने वाढते तेव्हा संवेदना पायरी-पायरीने वाढते. मंद दिव्याच्या खोलीत आणखी एक दिवा लावला तर लख्ख फरक पडतो. भर उन्हात तोच दिवा लावला तर कुणाचे लक्षही जात नाही. ऐकण्याचे तसेच आहे. जेमतेम ऐकू येणारा आवाज आणि कान दुखविणारा आवाज यांच्या शक्तीत एकास एकावर बारा शून्ये, एवढे अंतर आहे. डेसिबेलच्या भाषेत ते शून्यापासून एकशेवीसपर्यंतच्या पायऱ्यांत मावते. साधे संभाषण साठच्या आसपास येते.

आता दोन्ही मापांची सांगड. ती पाठ करायला सोपी आहे. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबेल वाढतात. चौपट केले की ६. दसपट केले की १०. शंभरपट केले की २०, हजारपट केले की ३०. आणि हेही लक्षात ठेवावे की, आवाज कानाला दुप्पट मोठा वाटायला सुमारे १० डेसिबेल वाढावे लागतात.

यातून निघणारा निष्कर्ष पाहा. एका मंडळाने ५०० वॅटचा संच लावला. समोरच्याने ईर्ष्येने १,००० वॅटचा आणला. भाडे दुप्पट, वीज दुप्पट, वाढले किती? ३ डेसिबेल. फरक कळेल, पण तो बेताचाच. समोरच्याला खरोखर दुप्पट मोठे वाजायचे असेल तर ५,००० वॅट लागतील. मग पहिले मंडळ त्याच्या दुप्पट वाजू म्हणेल, तर ५०,००० वॅट, म्हणजे पाच अश्वशक्तीचे तेरा पंप चालतील एवढी शक्ती! या शर्यतीला अंत नाही, कारण ती गुणाकाराशी लावलेली बेरजेची शर्यत आहे.

शिवाय पेटीवरचा वॅटचा आकडा ही पेटीत जाणारी वीज आहे, बाहेर येणारा आवाज नव्हे. घरगुती स्पीकरला शंभर वॅट दिले तर त्यातला एखादा वॅट ध्वनी होऊन बाहेर पडतो. बाकीचे वेटोळ्यात उष्णता होऊन जातात. मोठ्या पेट्यांचे आणि भोंग्यांचे प्रमाण याहून बरे, पण तेथेही निम्म्याहून कितीतरी अधिक वीज उष्णतेतच जाते. काही वर्षांपूर्वी स्वस्त संचांवर 'पी.एम.पी.ओ.' या अक्षरांपुढे हजारोंचे आकडे छापलेले असत. तो क्षणभराच्या कल्पित उसळीचा आकडा. सतत चालणाऱ्या शक्तीशी त्याचा संबंध थोडाच. म्हणून जाणता गिऱ्हाईक वॅटच्या जोडीला दुसरा आकडा विचारतो: एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबेल? ज्याचा हा आकडा १० ने जास्त, तो स्पीकर दहापट वॅटांचे काम फुकटात करतो.

आणि मुळात किती आवाज लागतो? माणूस साधे बोलतो तेव्हा त्याच्या मुखातून बाहेर पडणारी ध्वनिशक्ती एका वॅटच्या लाखाव्या भागाइतकी असते. दहा लाख माणसे एका वेळी बोलू लागली तरी त्यांच्या आवाजाची एकूण शक्ती दहा वॅट भरेल. एवढ्याशा शक्तीवर माणसाने वेद पाठ केले, बाजार भरविले, लग्ने जमविली. निसर्गाने कान किती नाजूक घडविला आहे, हे यावरून दिसेल.

नाजूक वस्तू जपावी लागते. कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा एक हिशेब पुष्कळ तज्ज्ञांना मान्य आहे. ८५ डेसिबेलमध्ये दिवसाचे आठ तास. त्याहून अधिक नको. दर ३ डेसिबेलला वेळ निम्मी करायची, कारण ३ डेसिबेल म्हणजे दुप्पट शक्ती. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला अवघी पंधरा मिनिटे. कानाच्या आतल्या शंखात सूक्ष्म केसांच्या पेशी असतात; त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. मिरवणुकीनंतर रात्रभर कानात 'कुंईं' वाजते, ती गंमत नव्हे, ती तक्रार आहे.

आता आपल्या भागातल्या एका शब्दाकडे येतो. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे ट्रॅक्टरवर रचलेल्या स्पीकरांच्या भिंतीला सरसकट 'डॉल्बी' म्हणतात. 'डॉल्बी लावली', 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सव' हे शब्द आपल्या वर्तमानपत्रांतही रुळले आहेत. रे डॉल्बी हे अमेरिकन संशोधक, जन्म १९३३, मृत्यू २०१३. १९६३ पासून दोनेक वर्षे ते युनेस्कोचे सल्लागार म्हणून आपल्या भारतातच होते. १९६५ साली त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा काढली, आणि त्यांचा पहिला प्रसिद्ध शोध कोणता? तर टेपवर ध्वनिमुद्रण करताना येणारी बारीक खरखर घालविण्याचा! नको असलेला आवाज कमी करण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांचे नाव आम्ही कोणत्या वस्तूला दिले, पाहा.

या भिंतीचा हिशेब कागदावर मांडू. एक वॅटला एक मीटरवर १०० डेसिबेल देणाऱ्या पेट्या, आणि एकूण १०,००० वॅट. दहा हजारपट म्हणजे ४० डेसिबेलची भर. एक मीटरवर १४०. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबेल उतरतात, दसपट झाले की २०. म्हणजे दहा मीटरवर १२०, शंभर मीटरवर १००. अर्थात हा कागदी हिशेब आहे. प्रत्यक्षात वारा, भिंती, पेट्यांची मांडणी यांनी फरक पडेल, आणि अरुंद आळीत दोन्ही बाजूंच्या घरांवरून परतणाऱ्या आवाजाने आकडा वाढेलही. पण अंदाज येतो. शंभर मीटरवरच्या घरातला म्हातारा माणूस पंधरा मिनिटांच्या मर्यादेत येतो. भिंतीपुढे नाचणाऱ्या पोराला आणि शेजारी बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसाला मर्यादाच उरत नाही.

आवाज मोजून त्याला आवर घालण्याचा विचारही डेसिबेलच्या जन्माबरोबरच निघाला. १९२९ साली न्यूयॉर्क शहरात गोंगाट-निवारणाचा आयोग नेमला गेला. टेलिफोनवाल्यांची मापनयंत्रे मोटारीत घालून शहरभर हिंडविण्यात आली आणि १९३० साली अहवाल निघाला. तारेतले माप दोन वर्षांत रस्त्यावर आले. पुढे असे आढळले की कानाला खर्जातले स्वर कमी ऐकू येतात. म्हणून मापनयंत्राला कानासारखी चाळणी बसविली. 'डेसिबेल ए' म्हणतात ते हेच. मात्र एक खोच आहे. ६३ कंपनांच्या दणदणीत खर्जातून ही चाळणी सुमारे २६ डेसिबेल वगळते. त्यामुळे छातीत धडधड होते, खिडक्यांची तावदाने थरथरतात, भिंतीवरचे फोटो हलतात, आणि यंत्रावरचा आकडा मात्र त्या मानाने सौम्य दिसतो.

आपल्याकडे केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम फेब्रुवारी २००० मध्ये आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०, अशा मर्यादा ठरल्या. रात्री दहा ते सकाळी सहा कर्ण्याला बंदी. वर्षातून फार तर पंधरा दिवस राज्य सरकार ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते. आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर कर्ण्याचा आवाज त्या भागाच्या मर्यादेहून १० ने अधिक किंवा ७५, यांपैकी जो आकडा कमी असेल त्याच्यावर जाता कामा नये.

या नियमांमागे न्यायालयांचाही इतिहास आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी जो निकाल दिला, त्याच्या मुळाशी १९९८ चा एक अर्ज होता. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला. तिने मदतीसाठी मारलेल्या हाका शेजारच्या लाऊडस्पीकरच्या आवाजात बुडून गेल्या, असे त्यात नमूद होते. न्यायालयाने सांगितले की बोलण्याचे स्वातंत्र्य आहे, पण दुसऱ्याला ऐकण्याची सक्ती करण्याचे नाही. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला; पोलिसांकडे आवाज मोजण्याची यंत्रे हवीत, हा मुद्दाही त्यात होता. सण कोणताही असो, धर्म कोणताही असो, सभा कोणत्याही पक्षाची असो, कान सगळ्यांना सारखेच आहेत.

आता मघाच्या सांगडीने कायद्याचा आकडा वॅटमध्ये काढून पाहू. मैदानाची हद्द कर्ण्यापासून शंभर मीटरवर आहे असे धरा. व्यापारी भागात हद्दीवर दिवसा मर्यादा ७५. शंभर मीटरचे ४० मिळवा. म्हणजे एक मीटरवर ११५ चालेल. पेटी एका वॅटला १०० देते. वरचे १५ डेसिबेल म्हणजे सुमारे ३२ वॅट. बस्स! निवासी भागात मर्यादा ५५ आणि १० मिळून ६५. तेथे हेच गणित जेमतेम ३ वॅटवर येते. दहा हजार वॅटची पेटी भाड्याने आणून ती तीन वॅटवर कोण वाजवील? म्हणून मला वाटते, नियम मोडायचा की नाही हे मिरवणुकीच्या रात्री ठरत नाही. ते संच ठरविताना, भाड्याच्या पावतीवरच ठरून जाते.

मग दूरच्या माणसाला ऐकू जावे असे वाटत असेल तर काय करावे? उत्तर वॅटमध्ये नाही, अंतरात आहे. एक मीटरवर एका वॅटला १०५ डेसिबेल देणारा भोंगा घ्या. ३० वॅटवर तो शंभर मीटरवर ८० देईल. चारशे मीटरवर ८० हवे असतील तर एका जागेवरून ४८० वॅट लागतील, आणि दहा मीटरवर बसलेल्याच्या कानी ११२ आदळतील. त्याऐवजी त्याच चारशे मीटरांत शंभर-शंभर मीटरवर चार भोंगे लावा. प्रत्येकाला पन्नास मीटरच सांभाळायचे. आठ वॅट पुरतात. चौघांचे मिळून ३२ वॅट. भाषण-कीर्तनाला ७० डेसिबेलही भरपूर झाले, असे धरले तर प्रत्येकाला एक वॅटदेखील नको. दूरच्या भोंग्याचा आवाज मागाहून येतो ती अडचण हल्लीची यंत्रे सांभाळून घेतात. रेल्वेच्या फलाटावर एका टोकाला मोठा कर्णा न लावता जागोजाग छोटे लावतात, ते याच न्यायाने.

तेव्हा साऊंडवाल्याकडे गेल्यावर प्रश्न बदलावा. "किती वॅटचा?" याऐवजी विचारावे, "शेवटच्या ओळीत किती डेसिबेल येतील? आणि पहिल्या ओळीत किती?" या दोन आकड्यांतले अंतर जितके कमी, तितकी व्यवस्था चांगली. तिसरा प्रश्न स्वतःला विचारावा, की हद्दीबाहेरच्या पहिल्या घरात, जेथे कुणी परीक्षेचा अभ्यास करीत असेल, कुणी आजारी असेल, कुणी तान्हे मूल निजवीत असेल, तेथे किती?

टेलिफोनच्या इंजिनियरांनी डेसिबेल काढला तो आवाज वाढविण्याच्या हौसेने नव्हे. बोललेला शब्द वाटेत किती गळतो आणि पलीकडच्या माणसापर्यंत किती पोहोचतो, हे कळावे म्हणून. वॅट विचारतो की तुझ्याजवळ किती शक्ती आहे. डेसिबेल विचारतो की समोरच्याच्या कानाशी काय पोहोचले. आपल्या घाटांच्या पायऱ्या बांधणाऱ्या गवंड्यांना ही दोन्ही नावे ठाऊक नव्हती, पण बसणाऱ्याचा विचार करून पायरी बांधावी एवढे त्यांना ठाऊक होते. कर्णा बांधताना तेवढाच विचार ऐकणाऱ्याचा केला, तर पुष्कळ झाले.